नवा फोन, जुनं गिऱ्हाईक

परभणीत बसस्टँडाजवळ माझं आणि रफिकभाईचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांना वाटतं, आमच्याकडं फोन साचत असतील. फोन जातात हो दुरुस्त होऊन, गिऱ्हाइकांची मतं तेवढी मागं राहतात! मोबाईल कसा असावा हे फोनच्या कंपन्या सोडून सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, आणि ते प्रत्येकाला आमच्याच काउंटरवर कोपर टेकून सांगायचं असतं. रोज झाडून काढलं तरी दुसऱ्या दिवशी तेवढीच जमा. त्यातली ही थोडी.

* * *

जोंधळे सर हायस्कुलात भूगोल शिकवतात. नवा फोन घेऊन आले. सोबत वायरचा हेडफोन, जिवापाड जपलेला. फोन चारी बाजूंनी फिरवून झाला आणि म्हणाले, "ह्याला भोक कुठाय?"

"सर, कंपनीनं काढून टाकलं."

"का म्हणून?"

"आत पाणी जाऊ नये म्हणून."

"अरे, आमच्या गल्लीत नळाला पाणी येईना झालंय, फोनात कुठून यायलंय?"

शेवटी बिनवायरचे घेऊन गेले. आठवडाभरात परत हजर, हातात एकच. दुसरा बसमध्ये पडला.

"वायर होती तवा दोघं जोडीनं तरी राहत होते!"

* * *

बाळासाहेब मोठे बागायतदार. वर्षानुवर्षं त्यांच्याकडं असा महागडा फोन, की ज्याच्या चार्जरची पिन गावात दुसऱ्या कुणाकडं नाही. लग्नाला गेले की बॅटरी हमखास संपायची. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारायचे, "माझ्या फोनचं चार्जर हाय का कुणाकडं?" नसायचंच. तेच तर त्यांना ऐकायचं असायचं!

यंदा त्यांनी नवं मॉडेल घेतलं. कंपनीनं पिन बदलून सगळ्यांसारखी करून टाकली होती. पुढच्या लग्नात सवयीनं विचारलं, तर अर्धा मांडव चार्जर घेऊन उभा!

दुसऱ्या दिवशी तावातावानं दुकानात आले. "आचाऱ्याचं चार्जर लागायलंय याला! मग लोकांना कळावं कसं?"

रफिकभाई नम्रपणे म्हणाला, "साहेब, मागं किमतीचं स्टिकर लावून देऊ?"

बाळासाहेबांनी जरा विचार केला. "मराठीत का इंग्रजीत?"

* * *

गयाबाई शेळ्या राखतात. त्यांचा जुना बटणाचा फोन पावसात भिजायचा, चिखलात पडायचा. त्या नखानं झाकण काढायच्या, बॅटरी पदरानं पुसायच्या, सगळं उन्हात ठेवायच्या, की फोन पुन्हा बोलायला तयार. पुण्यात नोकरीला असलेल्या लेकाला हे बघवेना. त्यानं आईला टचचा फोन आणून दिला. दोन उन्हाळ्यांत बॅटरी फुगली.

मी म्हणालो, "मावशी, मागची काच गरम करून गोंद सोडवावा लागंल. फुटली तर आमची जबाबदारी न्हाई."

"गोंद? एवढ्या महागाच्या वस्तूला झाकण न्हाई?"

"गिऱ्हाइकानं उघडू नये अशी कंपनीची इच्छा हाय."

गयाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसा मीच कंपनीचा मालक! म्हणाल्या, "आमी शेळी इकताना तोंड उघडून दात दाखवतो. तोंड चिकटवून नेली तर बाजारात मार खाऊन येऊ!"

* * *

पिंटूशेठ ठेकेदार आहेत. त्यांनी घडी घालायचा फोन घेतला आणि दिवसभर त्याची उघडझाप सुरू. काम असो नसो, समोर माणूस असला की झालं.

पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात उघडा फोन. कुणीतरी प्रसादाची खडीसाखर पुढं केली, ती शेठनी फोनवरच घेतली. तेवढ्यात ओळखीचा पुढारी समोर आला. शेठनी ऐटीत फोन मिटला!

आमच्याकडं आणला तेव्हा स्क्रीनवर मधोमध काळी रेघ. शेठ तणतणत होते, "घडीचा फोन घडी घातल्यावर बिघडतोच कसा?"

रफिकभाई चिमट्यानं साखरेचे कण काढत म्हणाला, "शेठ, कंपनीनं घडी घालायला सांगितलंय, दळायला न्हाई!"

* * *

आणि हे गंगाधररावांचं. चुडाव्याकडचे शेतकरी, बोलायला गरीब माणूस. थोरल्या लेकीचं नांदेडच्या स्थळाशी जमत आलं होतं, पण पाहुणे लय ताठ. हॉल परभणीचाच पाहिजे, वऱ्हाडाला एसी गाडी पाहिजे. गंगाधरराव फोनवर नुसतं "हो जी, हो जी" करायचे. पोरीला मुलगा पसंत होता, म्हणून गप्प.

बैठकीच्या दिवशी पाहुणे रेल्वेनं चुडाव्याला उतरले आणि त्यांनी फोन लावला. सकाळीच गंगाधररावांच्या फोनचं अपडेट आपोआप झालेलं. फोन उचलायची खूण होती तिथं आता कापायची! त्यांनी सवयीनं बोट फिरवलं. फोन कट. पुन्हा वाजला, पुन्हा कट. पुन्हा वाजला, पुन्हा तेच. परत लावायला गेले तर नंबर फिरवायचं पानच सापडेना.

बायको किंचाळली, "सोयऱ्याचा फोन कापायलाव व्हय तुमी?"

आत पोरगी साडी नेसून बसलेली. तिचं तोंड उतरलेलं बघून गंगाधररावांनी मोटारसायकल काढली आणि सुसाट स्टेशनवर. पाहुणे लिंबाखाली उभे होते. आता हात जोडून माफी मागायची, असं ठरवून हे उतरले, तर मुलाचे वडीलच घाईघाईनं पुढं आले.

"गंगाधरराव, राग मानू नका. दुसरं स्थळ तर न्हाई ना बघितलं? हॉलचं जाऊ द्या. तुमच्या दारातच मांडव टाकू. गाडी आमची आमी करू!"

गंगाधररावांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

लग्न दारातच झालं. लेक सुखात आहे. त्याचे पेढे द्यायला ते दुकानात आले, तेव्हा हे सगळं सांगितलं. फोनचा त्रास ऐकून मला वाईट वाटलं. म्हणालो, "काका, आणा इकडं फोन. सेटिंगमधून पहिल्यासारखं करून देतो."

त्यांनी चटकन फोन खिशात घातला आणि वरून हात दाबून धरला.

"राहू द्या, राहू द्या. धाकटीचं अजून व्हायचंय!"