माझ्या कपाळावरचा भंडारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ती गेली, आणि तिला सांगायचं राहून गेलं असंही म्हणवत नाही, कारण ते मीच राहू दिलं. पोरांना तर नाहीच. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुमच्यापुढे जमेल असं वाटतं. बघू.

पुन्हा लढाई लागली आहे. बेळगावच्या कॅम्पात भरती जोरात आहे, आणि आमच्या येळ्ळूरच्या चावडीपुढेही टेबल मांडून बसतात. मागल्या आठवड्यात टिळकवाडीचे एक वकील मोटारीतून आले आणि म्हणाले, हवालदार आप्पा, तुम्ही मागच्या लढाईतले, बसऱ्याला जाऊन आलेले, सभेत दोन शब्द बोला, पोरांनी भरती का व्हावं ते सांगा. मी म्हणालो, गुडघे फार दुखतात. गुडघे दुखत नाहीत, अजून शेतावर चालत जातो. पण खोटं तोंडातून असं अलगद निघालं की माझं मलाच हसू आलं. सराव आहे ना इतक्या वर्षांचा.

का जातात माणसं फौजेत? मला खरंच ठाऊक नाही. कुणी पोटासाठी जातो, कुणी बुटांसाठी, कुणी घरातल्या कटकटीला वैतागून. वकिलांना हवं ते उत्तर माझ्याकडे नाही. मी गेलो तो एका कुस्तीसाठी — हसू नका. जत्रेच्या फडात काकतीच्या एका पैलवानानं मला दोन मिनिटांत चितपट केलं. माझा बाप जुना पैलवान, फडाच्या कडेला पहिल्या रांगेत बसलेला. त्यानं उठून धोतर झटकलं आणि घरी निघून गेला. मग महिनाभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. जेवताना पाठ करून बसायचा. त्यातच भरतीची माणसं बाजारात आली आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, मी जातो. कुणीतरी अडवेल असं वाटलं होतं. कुणी अडवलं नाही.

आणि मग भीती वाटली. मरायची नाही. मरणाचा विचार कुठला त्या वयात? एकट्यानं जायची भीती वाटली. गावाबाहेर कधी एकटा झोपलो नव्हतो. म्हणून मी भरमाकडे गेलो.

भरमा माझ्या शेजारच्या घरातला. त्याला फौजेत जायचं काही कारण नव्हतं. बाप नव्हता, पण भाताची चांगली पाणथळ जमीन होती, नवी बैलजोडी होती, आणि भातलावणीसाठी त्याच्यासारखा चिखल कुणाला करता येत नसे. घरात तो आणि त्याची आई यल्लुआक्का, दोघंच. मी त्याच्या बांधावर बसून दोन दिवस त्याच्या मागे लागलो. तू आलास तर जातो, नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्यानं बैल चुलत्याच्या गोठ्यात बांधले आणि माझ्याबरोबर कॅम्पात आला. तो का भरती झाला असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच आहे.

बसऱ्याचं फार सांगत नाही. ऊन, माशा, चिखल, हगवण. गोळीनं मेले त्याहून हगवणीनं जास्त मेले. एका चकमकीनंतर आम्हाला खंदकातली प्रेतं बाजूला करायला लावलं. भरमानं एका तुर्काचे हात धरले होते, पाय मी. मध्येच तो थांबला. त्यानं त्या माणसाचा पंजा उलटा केला आणि मला दाखवला. नांगराची मूठ धरून जे घट्टे पडतात ना — नेमके तिथेच. "परशा," तो म्हणाला, "ह्यो कुळवाडीच हाय की रं. ह्यानं आपलं काय खाल्लंतं?" मी म्हणालो, उचल आता. त्यानं उचललं. पण त्या दिवसानंतर भरमा लढाईतला राहिला नाही. हुकूम पाळायचा, बंदूक पुसायचा, सगळं करायचा, पण मनानं गेला होता.

आणि मी? मलाही ते घट्टे दिसले होते. मी ते बघायचं नाकारलं. नुकतीच माझ्या बाहीवर बढतीची पहिली फीत चढली होती.

पुढे दोघांनाही हगवणीनं धरलं. जहाजातून मुंबई, मग बेळगावचं इस्पितळ, आणि शेवटी घरी दोन महिन्यांची रजा. सुगीचे दिवस होते. बापानं मला वर्दी घालायला लावली आणि शहापूरच्या बाजारातून हिंडवून आणलं. ज्यानं महिनाभर पाठ केली होती तो आता माझ्या खांद्याला खांदा लावून चालत होता. तुम्हाला काय सांगू, मला ते फार गोड वाटलं. अजूनही आठवलं की गोड वाटतं, आणि मग लाज वाटते.

रजा संपायला आठ दिवस असताना भरमानं मला घरी बोलावलं. आत यल्लुआक्का बसली होती. भरमा म्हणाला, मी परत जाणार नाही. निपाणीला त्याचा मामा एका तंबाखूच्या वखारीत कामाला होता. त्याच्याकडे जायचं, आणि तिथून नदीपलीकडे कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत. तिथं इंग्रजाच्या फौजदाराला एकदम हात घालता येत नसे, आधी कागद घालावे लागत. तोवर माणूस आणखी पुढे कुठे जाई. "तू बी चल," तो म्हणाला. "जाऊंदे ती फीत."

मी नाही म्हणालो नाही. तिथेच म्हणालो असतो तर बरं झालं असतं. मी म्हणालो, तू मामाकडे जा, नदी ओलांडू नकोस, चार दिवस माझी वाट बघ. बापाला काहीतरी सांगून येतो.

यल्लुआक्कानं देव्हाऱ्यातलं ताट पुढे ओढलं. त्यांच्या घरात खंडोबाचा टाक होता. ताटात बेल आणि भंडारा. आमच्याकडे बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडणारा माणूस शोधून सापडायचा नाही. "उचल," ती म्हणाली. "भरमा कुठं हाय ते तोंडातनं काढणार न्हाय म्हण." मी उचलला आणि म्हटलं. तिनं त्यातलाच चिमूटभर भंडारा माझ्या कपाळाला लावला.

 दोन दिवस मी घरात बसून राहिलो. बाप येणाऱ्याजाणाऱ्याला माझी फीत दाखवत होता. पळून गेलो तर हा पुन्हा पाठ फिरवेल, या वेळी कायमची — हे एक. आणि परत गेलो तर त्या खंदकात मी एकटा — हे दुसरं. दोन्ही मला झेपत नव्हतं. मग एक तिसरी वाट सुचली. ती कुणी सुचवली नाही. मला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही, गावात फौजदारसुद्धा आला नव्हता.

मी पायी कॅम्पात गेलो आणि आमच्या सुभेदाराला म्हणालो, भरमा परत येणार नाही, पण त्याची रजा संपलेली नाही, आत्ता आणला तर गुन्हा होत नाही. सुभेदार म्हणाला, बरं, कागदावर काही घेत नाही, पण कुठे आहे तो? मी म्हणालो, ते मला तोंडानं सांगता येत नाही, साहेब. दोन माणसं द्या. मी पुढे चालतो, ती मागून येऊ देत.

कळलं ना तुम्हाला? मी शब्द मोडला नाही. तोंडातून काढलं नाही. देवाला असा हातोहात फसवता येतो असं मला वाटलं, आणि वर स्वतःला असंही समजावलं की मी भरमाला शिक्षेतून वाचवतोय. ही समजूत मी पुष्कळ वर्षं चघळली. आता तिला काही चव उरली नाही.

टपालाच्या टांग्यातून आम्ही निपाणीला गेलो. ते दोघे शिपाई कोकणातले, भरमाला न ओळखणारे. वाटेत मी त्यांना हात जोडले, मी तुम्हाला आणलं हे त्याला सांगू नका म्हणालो. त्यांनी खांदे उडवले. वखारीत आधी मी शिरलो. तंबाखूची सवय नसलेल्या माणसाला आत पाऊल टाकलं की शिंकांवर शिंका येतात. बायका चाळण्या हलवत बसल्या होत्या, त्या माझ्याकडे बघून हसायला लागल्या. कोपऱ्यात तोंडाला फडकं गुंडाळून एक माणूस पोतं शिवत होता. त्यानं वर बघितलं, फडकं खाली ओढलं, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

"आलास?" भरमा म्हणाला. "येणार म्हणून म्हाईत होतं मला."

नदी तिथून तासाभरावर होती. चार दिवस तो माझ्यासाठी थांबला होता.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे दारात दोन शिंका आल्या. भरमानं माझ्या खांद्यावरून तिकडे बघितलं. बूट, पट्टे. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता तो थुंकेल माझ्यावर. पोत्याची सुई त्याच्या हातातच होती. त्यानं ती पोत्यात नीट खोचून ठेवली, उठला, माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "माझ्यापायी तू बी घावलास की रं."

मी त्याच्याकडे पळून येताना सापडलो असं त्याला वाटलं. माझ्या पाठलागावर ही माणसं आली, असं. त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल इतकी कणव होती की... मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. उलट मान हलवली. होय म्हणून.

सुभेदारानं कागदावर काही घेतलं नाही, शब्द पाळला त्यानं. जायच्या आदल्या दिवशी भरमानं आईला सांगितलं, परशा माझ्याकडे येताना घावला. तिनं माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. मी तेव्हाही गप्प राहिलो. तिथे बोललो असतो तर काय झालं असतं? तो परत पळाला असता? मला सोडून गेला असता? हेच, हेच तर मला नको होतं.

बसऱ्याला तो माझी कामं अंगावर घ्यायचा. माझ्या पाळीचा पहारा करायचा, माझं पाणी भरायचा. मी नको म्हणालो की म्हणायचा, गप बस, तू माझ्यापायी घावलास. एका दुपारी खंदकाबाहेर पाणी आणायला कुणीतरी जायचं होतं. पाळी माझी होती. भरमानं माझ्या हातातली मशक घेतली. वीसेक पावलं गेला असेल, तोच गोळी आली आणि तो पडला. मी बघत होतो.

परत आलो तो एकटाच. ज्या एकटेपणाला भिऊन भरमाला नेलं तो आयुष्यभर माझ्याबरोबर राहिला, पण ती तक्रार नाही. मला बायको मिळाली, मुलं झाली, फिती वाढल्या, निवृत्त झालो. बाप मेला तो मला हवालदार म्हणत मेला. भरमाची जमीन चुलत्यानं कसली. आणि यल्लुआक्कानं मला लेक मानलं. नवं भात मळलं की तिच्या घरून पहिली पाटी माझ्याकडे यायची. दर चंपाषष्ठीला मला निरोप यायचा. मी जायचो. देव्हाऱ्यापुढे बसायचो. ती चिमूट उचलायची आणि जमलेल्या बायकांना सांगायची, "ह्यो बघा. भंडारा उचलला आणि पाळला ह्यानं. जिवावर उदार होऊन माझ्या भरमाकडं निघालता." मग कपाळाला लावायची.

किती वर्षं? मोजलेली नाहीत. दरवर्षी जाताना ठरवायचो, या खेपेला सांगायचं. तिला धक्का बसेल, म्हातारी आहे, असं म्हणायला सोपं जातं. पण पहिल्या वर्षी ती म्हातारी नव्हती. गावानं माझं तोंड बघू नये अशी वेळ येईल, याला मी भीत होतो. बाकी काही नाही.

ती गेल्या फाल्गुनात वारली. त्याआधीच्या चंपाषष्ठीला गेलो तेव्हा तिचे दोन्ही डोळे गेले होते. घरात ती आणि मी, दुसरं कुणी नव्हतं. कुणी ऐकलं नसतं. तिनं ताट चाचपलं, चिमूट भरली, आणि हात पुढे करून हवेतच फिरवत राहिली. भंडारा तिच्या बोटांतून लुगड्यावर सांडत होता.

"कुठं हाय रं कपाळ तुझं?" ती म्हणाली.

मी तिचा हात धरला, आणि माझ्या कपाळावर नेऊन टेकवला.