पाणी पिणारी भिंत

आमच्या घरात सगळ्यात जास्त पाणी प्यायची ती पुढच्या दारावरची भिंत. सास्तूरला नळ कधी आठ-आठ दिवस यायचा नाही, अंगणातली जास्वंद वाळून काडी व्हायची, पण माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सकाळी उठून दारावर दोन तांबे पाणी मारलं नाही असा दिवस मला आठवत नाही. लोक तुळशीला घालतात, अण्णा भिंतीला घालायचे.

त्याला कारण होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं जुनं दगडमातीचं घर बसलं, तेव्हा अण्णा आणि आई दाराच्या चौकटीत अडकले होते. चौकटीवरचं लाकूड तेवढं तगलं, म्हणून दोघं वाचली. माझा जन्म त्यानंतरचा. पुढं नव्या गावात विटांचं घर बांधताना अण्णांना दारावर लाकडापेक्षाही भक्कम काहीतरी हवं होतं. लोहाऱ्याहून चांगला जाडजूड लोखंडी अँगल आणला आणि त्याच्यावर विटा रचून घेतल्या. तेव्हाचा गवंडी जाताना म्हणाला, "पाणी मारत ऱ्हावा, पाण्यानं बांधकाम पक्कं हुतंय." किती दिवस, हे तो सांगायचं विसरला की अण्णा ऐकायचं विसरले, देव जाणे. मी शाळा संपवली, लग्न होऊन लातूरला गेले, तरी पाणी चालूच.

एवढी मशागत करून अण्णा त्या घरात झोपले मात्र कधीच नाहीत. जेवण आत आणि झोप अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. दुपारची डुलकीसुद्धा तिथंच. दारातून जाताना मान वर करून भिंतीकडे बघायचे आणि पाठीमागं कुणी लागल्यासारखे आत शिरायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. सगळ्यांचे वडील असेच झोपतात, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

मी बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा दारावरच्या भेगा नवीन नव्हत्या. अँगलच्या दोन्ही टोकांपासून पायऱ्या-पायऱ्यांनी त्या वर चढायच्या. अण्णा त्यांत सिमेंट भरायचे आणि सिमेंट पक्कं व्हावं म्हणून आणखी पाणी मारायचे. पण यंदा भेगेत माझी करंगळी जायला लागली होती. मुलगी झाली, पेढे वाटून झाले आणि अण्णांनी जाहीर केलं, "पाळणा घरात टांगायचा न्हाय. बारसं मांडवात करू. जमीन अजून हलायलीय."

आईनं हातातली परात खाली ठेवली. "तुम्ही इतकी वर्षं भायेर झोपलाव, म्या एक शबूद बोलले न्हाय. पर पयलं नातवंड हाय. सवतःचं घर असताना लेकराचं नाव उघड्यावर ठिवायचं? पाळणा आतच टांगणार."

आई एकदा बोलली की बोलली. अण्णाही काही कमी नव्हते. दोघांचा अबोला सुरू झाला आणि निरोप माझ्यामार्फत जाऊ लागले. बाळाला दूध पाजू की टपाल वाटू, असं मला झालं. शेवटी वैतागून मीच पलीकडच्या गल्लीतल्या चाचांना बोलावलं. चाचा जुने मिस्त्री, अण्णांच्या बरोबरीचे.

चाचांनी आधी दाराला दोन टेकू लावले. मग छिन्नीनं एक सैल वीट काढली, बोट आत घातलं आणि अँगलचा एक पापुद्रा अण्णांच्या तळहातावर ठेवला. तांबूस, ठिसूळ, हुबेहूब खारी बिस्किटासारखा.

"अण्णा, जमीन न्हाय हलायली. लोखंड फुगायलंय. गंज चढला की लोखंड मोटं हुतंय अन् वरच्या इटा उचलतंय. आता मला एक सांगा, पाऊस न्हाय, पाणी न्हाय, मग हितं वल येतीय कुठनं?"

आईनं अण्णांच्या दुसऱ्या हातातल्या तांब्याकडे बघितलं. चाचांनीही बघितलं. मला असं हसू फुटलं की टाके दुखायला लागले.

अण्णा हसले नाहीत. ओट्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "म्हंजे म्याच?"

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. अण्णा जन्मभर ज्या भेगांना घाबरले, त्या त्यांनीच रोज सकाळी तांब्यानं वाढवल्या होत्या. चाचा त्यांच्या शेजारी टेकले. "चुकी त्या गवंड्याची. लई इमानदारीनं पाणी मारलाव तुम्ही, एवढंच."

अँगल निघाला. त्याच्या जागी चाचांनी काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, ओतलं, आतल्या सळया नीट झाकून. बारसं सव्वा महिन्यावर ढकललं. जाताना चाचांनी बजावलं, "दहा दिवस पाणी. अकराव्या दिवशी तांब्या हिकडं फिरकला तर माझ्याशी गाठ हाय." अण्णांनी दाराशेजारी खडूनं दहा रेघा मारून घेतल्या आणि रोज एक पुसली. अकराव्या सकाळी ते सवयीनं तांब्या भरून दारात आले, थबकले आणि वळून सगळं पाणी जास्वंदीला घालून मोकळे झाले.

बारशाच्या दिवशी पाळणा मधल्या खोलीत टांगला. बायकांनी घर भरलं, गाणी झाली, कानात नाव सांगून झालं. अण्णा बाहेर पुरुषांना घुगऱ्या वाटत होते. जेवणं उरकल्यावर ते दारात आले, हात वर करून लिंटेलला खालून लावला, तळहात बघितला. कोरडा होता. मग म्हणाले, "आण गं तिला."

ते उंबऱ्याशी, चौकटीला पाठ लावून बसले. मी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. मी ताटं उचलून परत आले तर बाळ टक्क जागं होतं आणि अण्णा तोंड उघडं टाकून घोरत होते. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना घरात झोपलेलं पाहत होते.

मी बाळ उचलून घ्यायला गेले, तर आईनं माझा हात धरला. संध्याकाळपर्यंत सगळं गाव मागच्या दारानं ये-जा करत राहिलं.