पायाला चाकं असलेला आरोपी

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. खून नाही, दरोडा नाही, पण एवढी धास्ती आणि एवढी मजा मला नोकरीत दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यानं दिली नाही.

निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं होती. मी उमरग्याला अमीन होतो, म्हणजे ठाण्याचा प्रमुख. सडकेवर नुकतंच डांबर पडलं होतं आणि तिचा एक उतार थेट आठवडी बाजारात येई. एका बाजाराच्या दुपारी त्या उताराच्या पायथ्याशी बांगड्या विकणारी एक कासारीण जोरात आपटली. मनगट मोडलं, डोक्याला खोक पडली, रस्त्यावर काचांचा सडा झाला. शेजारी एक टांगा आडवा झालेला आणि घोडा पुढचे पाय उचलून खिंकाळतोय. लोकांनी टांगेवाल्याला धरून ठाण्यात आणलं. तो गयावया करत होता, घोडा आधी बुजला, धक्का मी दिलाच नाही. पण ऐकतंय कोण? त्याला हवालातीत टाकलं आणि घोडा-टांगा जप्त केला.

आमचा जमादार दवाखान्यात बाईचं बयान घ्यायला गेला, तो हसतच परत आला. बाईचं म्हणणं, टांग्यानं काही केलं नाही. एक माणूस दोन्ही हात पसरून उतारावरून आला, आणि त्याच्या पायाला चाकं होती. डोक्याला मार लागल्यामुळं बाई बरळते, असा शेरा मारून जमादारानं बयान बाजूला ठेवलं. वर ती गंमत चहाच्या हॉटेलात सांगितली. झालं! संध्याकाळपर्यंत कासारीण मावशीला वेड लागल्याचं गावभर झालं.

काही दिवसांनी मावशी हात गळ्यात बांधून माझ्यासमोर आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"सायेब, हात मोडला, त्यो जुळंल. पण बाया आता लेकीचा हात माझ्या हातात देईनात. येडी हाय, काच रुतवंल म्हणत्यात. मग म्या काय खावं? म्या बघितलं ते बघितलं. चाकंच व्हती."

माझा अनुभव असा की खोटं बोलणारा पटेल असंच बोलतो. ही बाई न पटणारं सांगत होती आणि त्यातला एक शब्द मागं घेत नव्हती. माझे कान टवकारले. मी बाजारातल्या साक्षी पुन्हा काढल्या. सगळ्यांनी घोडाच बघितला होता, कारण आवाज त्यानं केला होता. एक-दोघं म्हणाले, कुणीतरी लई जोरात पळालं. पण गर्दीत पळणाऱ्याच्या पायाकडं कोण बघतो?

मग खबर आली. हॉटेलवाल्यानं हळूच सांगितलं की कापसाच्या एका व्यापाऱ्याचा तरुण मुलगा हैदराबादहून सुट्टीला आलाय. रोज हॉटेलात ऐटीत बसायचा, पण त्या बाजारापासून घराबाहेर पडलेला नाही. ताप आहे म्हणतात, मात्र हकीम नाही की डॉक्टर नाही. मी त्याला बोलावून घेतलं.

ठाण्यात माझी बैठक गादीची, पायताण दाराबाहेर. हा पठ्ठ्या घोट्यावरचे उंच बूट काढायला तयार होईना. इथं वकीलसाहेबही अनवाणी येतात, असं सांगितल्यावर नाइलाजानं काढले. बघतो तर दोन्ही घोट्यांभोवती करकचून आवळलेल्या पट्ट्यांचे काळेनिळे वळ! मी चेहरा हलू दिला नाही. कापसाचा भाव विचारला, हैदराबादच्या सिनेमांची चौकशी केली, चहा मागवला. चहा अर्धा झाल्यावर सहज विचारलं, "चाकं कुठं ठेवलीत?"

त्यानं कप खाली ठेवला. जमादार लिहायचं थांबून बघत राहिला.

"कापसाच्या गासड्यांमागं," तो म्हणाला. "अमीनसाहेब, मुद्दाम नाही केलं मी. तिकडं हैदराबादला सपाट फरशी असते, धरायला कठडा असतो. उतारावर थांबायचं कसं, तेच मला येत नव्हतं."

टांगेवाला लगेच सुटला. गासड्यांमागून लोखंडी चाकं आणि कातडी पट्टे निघाले. त्यांना स्केट म्हणतात हे मलाही तेव्हाच कळलं. पंचनामा झाला, खटला मुन्सफाकडं जाणार होता. पण मावशीचं वेड कागदानं उतरणार नव्हतं. ते भर बाजारात लागलं होतं, बाजारातच उतरवायला हवं होतं.

पुढच्या बाजाराला मी त्या तरुणाला सडकेच्या सपाट तुकड्यावर चाकं बांधून उभं केलं. समोर दोन जवान दोरी ताणून उभे. मी हात खाली केला आणि तो सर्रकन सुटला. काय तो गलका उठला! म्हातारे उड्या मारत होते, माझ्याही तोंडून शिट्टी निघता निघता राहिली. तो दोरीत अडकून उताणा पडला, तेव्हा लोकांनी मागं वळून मावशीकडं बघितलं. लगेच मी दवंडी पिटवली. कायद्यात चाकाच्या पायांना कलम नव्हतं, म्हणून नियम मीच केले. बाजारात आणि उतारावर चाकं बांधायची नाहीत, आणि थांबायला शिकल्याशिवाय कुणी सडकेवर सुटायचं नाही.

मावशी तिथंच नवा माल मांडून बसली होती. सकाळपासून गिऱ्हाईक नव्हतं. एवढ्यात गर्दी बाजूला झाली. त्या तरुणाची आई, जी बाजारात कधी पाऊल टाकत नसे, मावशीसमोर धुळीत बसली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

"मावशी, माझ्या हातात तुम्हीच भरा," एवढंच ती म्हणाली.

मावशीनं तिचा हात आपल्या गुडघ्यावर टेकवला आणि एकट्या डाव्या हातानं दाबून दाबून मऊ केला. एकेक हिरवी बांगडी चढत गेली. बाया श्वास रोखून बघत होत्या. एकही वाढली नाही. मग एकीनं आपल्या लेकीला पुढं ढकललं, तिच्यामागं दुसरीनं. जमादार गर्दी हटवायला गेला, तर मावशीनं त्याला रांग लावायला सांगितली, आणि त्यानं ती मुकाट्यानं लावली.

साक्षीदार न पटणारं बोलला, तर कदाचित ती गोष्ट आपण अजून बघितलेली नसते. हे मी पुढं हाताखालच्या प्रत्येकाला सांगत आलो. आरोपी पकडल्याचा आनंद मला पुष्कळदा मिळाला. पण खरं बोललेल्या बाईच्या हातात लोक पुन्हा आपल्या लेकींचे हात देताना बघितले, तो आनंद वेगळाच होता, आणि तो मला परत कधी मिळाला नाही.