नदीच्या पलीकडचं इस्पितळ

रशियातल्या एका आडवळणाच्या जिल्ह्यात मी काही महिने दुभाषा होतो. तिथल्या कचेरीत जिल्ह्याचा भिंतभर नकाशा होता आणि जिल्हाप्रमुख रोज सकाळी रुमालाने त्यावरची धूळ पुसत. इतक्या मायेने त्यांनी कुठल्या माणसाला हात लावलेला मी पाहिला नाही.

मी नदीकाठी नीनाबाईंच्या घरी राहत होतो. समोरच्या काठावर शेजारच्या जिल्ह्याचं इस्पितळ दिसायचं. आमचं इस्पितळ मात्र जंगलापार, दुसऱ्या टोकाला. एका दुपारी नीनाबाईंच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली. मी कचेरीत फोन केला.

"गाडी पाठवतो, पण रस्त्यात चिखल आहे, उशीर होईल," प्रमुख म्हणाले.

"मग समोरच्या इस्पितळाला कळवा ना."

"नदी ही हद्द आहे. ते इस्पितळ आपलं नाही."

नदीला हद्द म्हणणाऱ्याला पाणी कधी दिसतच नसावं. त्याला दिसते नकाशावरची निळी रेघ, आणि माणूस मेला तरी चालेल, पण रेघ पुसता कामा नये.

नीनाबाईंनी वाद घातला नाही. आम्ही दोघांनी म्हाताऱ्याला होडीत निजवलं आणि वल्ही मारली. पलीकडच्या डॉक्टरीणबाईंनी जिल्हा विचारला नाही, आधी नाडी पाहिली. म्हातारा वाचला.

पुढच्या आठवड्यात प्रमुख घरी आले. म्हाताऱ्याची चौकशी राहिली बाजूला, बुटांचा चिखल झटकत म्हणाले, "समजून घ्या, नदीपाशी आमची जबाबदारी संपते."

नीनाबाई मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "संपते कुठे ते कळलं. सुरू कुठे होते, तेवढं सांगा."