चूल नसलेली टेकडी

येडशीच्या फलाटावर उतरलो आणि पहिली नजर गेली ती तारेच्या खांबांवर. सवयच ती. बार्शीकडच्या एका लहान स्टेशनात मी तारयंत्रावर बसतो. त्या यंत्राची कटकट ऐकून ऐकून माझा ठाम समज झाला होता, की जिथे तार नाही तिथे बातमी नाही. आता तार रुळांची सोबत सोडत नाही. रूळ येडशीहून लातूरकडे जातात, म्हणून तारही तिकडेच जाते. मला दक्षिणेला लोहाऱ्याकडे जायचं होतं आणि त्या बाजूला एकही खांब वळलेला दिसत नव्हता.

निजामी राजवटीचा तो शेवटचा उन्हाळा. शेवटचा, हे आम्हाला पुढे कळलं. तेव्हा फक्त एवढंच ठाऊक होतं, की मुलखात धाडी पडताहेत आणि गावं लुटली जाताहेत. माझी धाकटी बहीण काशी माकणीच्या पलीकडे तेरणेकाठच्या एका लहान गावात दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिकडून ना निरोप ना माणूस. आईच्या घशाखाली घास उतरेना. "तिला घेऊनच ये," असं म्हणून तिनं डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात दिला आणि मला अक्षरशः घराबाहेर काढलं.

येडशीच्या अलीकडे सरहद्दीवर झडती झाली होती. झडती घेणाऱ्यानं लाडू फोडून आत काही दडवलंय का ते पाहिलं, आणि एक खाऊनही पाहिला. पुढे धाराशिवहून मोटर मिळाली. तिला माणसांपेक्षा जास्त तहान लागत होती. दर दोन गावांना उतरून आम्ही तिच्यासाठी विहिरीचं पाणी काढत होतो. लोहाऱ्यात उतरलो तेव्हा डोळ्यांच्या पापण्याही धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. तहसिलीसमोरच्या एका घरी भाकरी आणि शेंगांची चटणी मिळाली. अशी चटणी मी आजवर खाल्ली नव्हती. पण जेवताना रस्त्यावर मोटरचा आवाज आला की सगळ्यांचे हात ताटावर थांबत.

लोहाऱ्याहून पुढे बैलगाडी. गाडीवान सिद्राम मितभाषी माणूस. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं, मध्येच उघड्या बोडक्या टेकड्या. एका टेकडीच्या माथ्यावर तुराट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) मोठा ढीग दिसला. कोसभर गेल्यावर दुसऱ्या टेकडीवर तसाच ढीग.

"ते काय आहे हो?" मी विचारलं.

"जळण."

"इतक्या उंचावर कोण ठेवतं जळण?"

"ठिवावं लागतंय." मग त्यानं मागे वळून पाहिलं. "तुमी बिडी वडता का?"

"कधीमधी."

"टेकडीवर वडू नका."

गावात पोचलो तर काशी घरी नव्हती. तिच्या सासूनं पाणी दिलं आणि डोळ्याला पदर लावला. "वर हाय, टेकाडावर. दोगं बी वरच असत्यात. म्या न्हाय म्हनलं हुतं, पर आमच्या घराची पाळी लागली." मला काही उमगेना. पोटुशी सून टेकडीवर राहते आणि सासू खाली, हा कुठला न्याय? मी तणतणतच चढण चढलो.

माथ्यावर एक खोप (कडब्याची झोपडी) होती, शेजारी तुराट्यांचा ढीग आणि खुंटीला हलगी. काशी खोपीच्या दारात बसली होती. चेहरा उतरलेला, पाय सुजलेले. मला पाहून उठली आणि तिचा पहिला शब्द असा, "दादा, काडेपेटी खाली ठिवून आलास न्हवं?"

मग दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मल्लिनाथरावांनी मला समजावलं. धाड दिसली की त्या बाजूच्या टेकडीनं ढीग पेटवायचा. तो पाहून पुढच्या टेकडीनं. दिवसा धूर, अंधार पडल्यावर जाळ. पण त्यांचं गाव खळग्यात. खालून फक्त हीच टेकडी दिसते, तिच्यामागची एकही नाही. माणसं झोपलेली असली तर हीसुद्धा कोण बघणार?

"जाळ लांब दिसतोय, पर निजलेल्याला उठवत न्हाय," ते म्हणाले. "हलगी उठवती, पर लांब जात न्हाय. मंग डोळा बी पोचंल आन हलगी बी पोचंल, अशी जागा ही एकच. म्हून खोप हितं."

"आणि चूल कुठे आहे?"

"टेकडीवर चूल न्हाय. धूर निगाला की पुढची टेकडी पेटती."

गावातल्या घरांनी पाळीनं भाकरी वर पोचवायची आणि वरच्यांनी ती गार खायची. पाणीही गार. दिवा नाही, बिडी नाही. मागे एका वाटसरूनं पलीकडच्या माथ्यावर चहा उकळला, तर खालची गावं लेकरंबाळं घेऊन रानात पळाली. पळताना एक म्हातारी विहिरीत पडून गेली. तेव्हापासून हा दंडक.

माझं डोकं तारबाबूचं. माझ्या तारेवरून वाटेल ते बोलता येतं. जन्म, मरण, भाव, तब्येत. या जाळाला एकच शब्द येतो, पळा. दुसरं काही शिकवायला जावं तर तो एकही खोटा पडतो. आमच्या तारेवर एकजण बोलत असला की बाकीचे थांबतात. इथे कुणी बोलत नसतानाही सगळ्यांनी थांबायचं. मला हे पटत होतं आणि बहिणीचे सुजलेले पाय बघून रागही येत होता.

"मी उद्या काशीला घेऊन जातो," मी म्हणालो.

"न्या," दाजी म्हणाले. "एकानं निजायचं, एकानं बघायचं. दुसरं जोडपं परवा वर येतंय. तवर म्या एकला जागतो."

लाडवाचा डबा काशीनं मांडीवर धरून ठेवला होता.

पण उद्यापर्यंत वेळच मिळाला नाही. दिवस मावळता मावळता तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. ती उतरण दगडाधोंड्यांची, तिला खाली नेणं शक्य नव्हतं. दाजी सुइणीला आणायला धावले. जाताना माझा दंड धरून म्हणाले, "त्या टेकडीवरची नजर काढू नका. जाळ दिसला तर पेटवा, काडेपेटी ढिगाखाली डब्यात हाय, मंग हलगी वाजवा. काय बी हू द्या, नजर काढू नका."

मी खोपीकडे पाठ करून बसलो. समोर काळोख, त्यात आणखी काळी टेकडी. मागे माझी बहीण कण्हत होती. सुईण आली. खालून आणलेली गरम पाण्याची घागर घोंगडीत गुंडाळली होती, तरी पाणी वाटेत कोमट झालं होतं. आतून तिची चिडचिड ऐकू आली, "जरा तरी उजेड करा की रं! लेकरू आडलंय."

मी न वळता ओरडलो, "काशी, दाराला घोंगडी टांगतो, आत पणती लावू!"

"न्हाय." तिचा आवाज फुटला होता. "कडब्यातनं उजेड गळतोय, दादा. गावं पळतील."

"पळू देत!" मी म्हणालो. खरंच म्हणालो. त्या क्षणी मला सगळी गावं मेली तरी चालणार होती.

"न्हाय म्हनलं ना. तू तिकडं बघ."

मी तिकडे बघितलं. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही भीती वाटत होती, तेवढ्यात जाळ दिसला तर? देवाला काय मागावं तेही कळेना. शेवटी मागे एक बारीक रडणं उमटलं. सुईण चाचपून म्हणाली, "लेक हाय." दाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनीही आत पाहिलं नाही. पाहून दिसणार काय होतं? तांबडं फुटलं तेव्हा काशीनं दाराशी सरकून मांडीवरचं दुपटं बाजूला केलं आणि पहिल्यांदा आपल्या मुलीचं तोंड पाहिलं.

दोघींना झोळीतून खाली नेलं. घरात शेगडी धगधगत होती. ओल्या बाळंतिणीला गाडीत घालता येईना, तेव्हा मी एकटाच परत निघालो. दाजी पहाऱ्याला माथ्यावरच राहिले होते. निरोप घ्यायला गेलो तर म्हणाले, "जाता जाता त्या टेकडीवरच्या मुलाणीचाचांला सांगा. जाळानं ही बातमी जात न्हाय."

चाचा पिकल्या दाढीचे, गुडघे धरून बसलेले. रात्रभर ते आमच्याकडे बघत होते, जसा मी त्यांच्याकडे.

"अंधार हुता," ते म्हणाले. "म्हनलं, समदी खैर हाय."

मी त्यांना त्या अंधारात काय झालं ते सांगितलं. ते आमच्या टेकडीकडे पाहत राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"दिवा बी न्हाय लावला?"

"नाही."

"लावला असता तर म्या पेटवलं असतं. मंग पुढचं पेटलं असतं." टोपी पुन्हा डोक्यावर घालत ते म्हणाले, "त्या लेकीला सांगा, काल आमची गावं निजली."

मी हो म्हणालो आणि चार पावलं उतरलो. लोहाऱ्याची मोटर दुपारची होती, रजा संपत आली होती, घरी आई वाटेकडे डोळे लावून बसली होती. पण हा निरोप कशावर घालून पाठवणार? तार इथवर येत नाही, जाळाला तो सांगता येत नाही, आणि चाचांना जागा सोडता येत नाही.

मोटर चुकवली. आलो त्या वाटेनं परत गेलो आणि काशीला तो निरोप सांगितला. रात्रभर ती कण्हली होती, पण रडली नव्हती. आता तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं रडायला लागली.

आता माझं यंत्र कधी तासन्‌तास गप्प राहतं. पूर्वी अशा वेळी मी डुलकी काढायचो. हल्ली काढत नाही.