इंद्रभानची अर्धी सही

माझं शिक्षण चौथी पास. पुढचं जे शिकलो ते मोर्च्यात, कोर्टाच्या पायरीवर आणि किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर. त्यामुळे प्राध्यापक जमातीशी माझं कधी जमलं नाही. कोट घातलेला माणूस दिसला की माझं डोकं आधी तापतं, मग मी नमस्कार करतो. एकच माणूस असा भेटला, ज्याच्यापुढे मी स्वतःहून गप्प बसलो. इंद्रभान मेहेत्रे.

इंद्रभान सुलतानपूरचा, वांगी-मिरची पिकवणाऱ्या घरातला. त्रेसष्ट साली आमच्या गावच्या नव्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला आला. गावाचं नाव लिहीत नाही. संस्थेतली माणसं हयात आहेत, आणि मला भांडायचं असलं तर मी तोंडावर भांडतो, कागदाच्या आडून नाही.

एप्रिलच्या उन्हातही अंगात कोट, पँटला सायकलची क्लिप, आणि सोमवारी हँडलला वांग्यांची पिशवी. बाप एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवायचा. ती वांगी इंद्रभान प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना वाटायचा. पोरं पाठीमागे 'वांगे सर' म्हणायची, आणि त्याला ते ठाऊक होतं.

नोकरी दोन वर्षं तात्पुरती होती. पासष्टच्या फेब्रुवारीत विद्यापीठाची समिती येणार, तिचा शेरा पडला की तो कायम होणार. म्हातारे आईबाप कधी एकदा आपल्याकडे येऊन राहतात, असं त्याला झालं होतं. बायको सत्यभामाबाईनं त्यांच्यासाठी एक खोली आधीच सारवून ठेवली होती.

त्या आधीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. वर्गात तो ग्रामपंचायतीचा कायदा शिकवत होता. ग्रामसभा म्हणजे काय, कोण बसू शकतो, कोण प्रश्न विचारू शकतो. "गावातला कोणताही प्रौढ मतदार," त्यानं लिहून दिलं.

कोकिळा नावाची एक मुलगी मामाकडे राहून शिकत होती. गाव नदीपलीकडे, चार कोसांवर. ती उठून म्हणाली, "सर, आमच्या गावात ग्रामसभेले कोणी जात नाही. ग्रामसभाच घरी येते."

वर्ग हसला. इंद्रभानला वाटलं, पोरगी थट्टा करते. त्यानं तिला खाली बसवलं. पण ते वाक्य काही त्याच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी पानठेल्यावर मला गाठून म्हणाला, "भाऊ, तुम्ही गावोगावच्या ग्रामसभेत भांडता म्हणतात. मले एक दाखवा."

"काऊन? तमाशा हाये का तो, दाखवाले?"

"मी दीड वर्षापासून शिकवून राह्यलो न भाऊ. अन् आजवर एकही पाह्यली नाही."

असं सरळ कबूल करणारा प्राध्यापक मी पहिल्यांदा पाहिला. माझा पाराच उतरला. कोकिळेच्या गावची ग्रामसभा कधी ते काढलं, आणि दोघं सायकली घेऊन निघालो.

चावडीला कुलूप होतं. पाटीवर मात्र आजची तारीख आणि दुपारचे बारा. आत गल्लीत कोतवाल दिसला. एका बगलेत रजिस्टर, दुसऱ्या हातात शाईची गादी. एकेका दारात थांबायचा, अंगठा घ्यायचा, पुढे. रजिस्टरात ठराव आधीच लिहिलेले, 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'.

एका अंगणात एक बाई शेण-माती कालवत बसली होती. कोतवालानं हाक मारली, "भिमाबाई, अंगठा दे वं." बाईनं हात लुगड्याला पुसला, अंगठा उठवला आणि पुन्हा शेणात हात घातला. ही कोकिळेची आई.

इंद्रभानचा पारा चढला. त्या दिवशी त्याच्यापुढे मी थंड वाटलो असेन. "बाई, काय लिहिलं हाये ते न वाचता, सभेत न बसता अंगठा देता कसा तुम्ही?"

भिमाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सारेच देतात, बापा."

"सारे देतात म्हणून तुम्ही देता? तुमची पोरगी कायदा शिकून राह्यली तिकडे, अन् तुम्ही इकडे त्याच्यावर शाई लावता?"

बाई शेण कालवत राहिली. कोतवाल मात्र हसला. "साहेब, सभा भरवली तर बसाले येळ कोणाले हाये? तुमच्याकडे कॉलेजात असं नसते वाट्टे?"

"नसते," इंद्रभान ठासून म्हणाला. परत येताना चार कोस तो लोकशाहीवर बोलत राहिला आणि मी चढावर धापा टाकत हो हो करत राहिलो.

सोमवारी त्यानं स्टाफरूममध्ये वांगी वाटली आणि खुर्चीत बसला. इतक्यात कॉलेजचा शिपाई पुंजाजी बगलेत एक रजिस्टर घेऊन आला. विद्यापीठाचं फर्मान होतं की शिक्षकानं स्वतःही शिकत राहावं. त्यासाठी प्राध्यापकांचं चर्चामंडळ, महिन्याला एक बैठक, एकानं निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. त्याचं हे रजिस्टर. पुंजाजी दर महिन्याला ते टेबलाटेबलावर फिरवायचा. सर लोक चहा पिता पिता सही करायचे.

इंद्रभानची नजर पानावर गेली. 'या महिन्याचा निबंध प्रा. मेहेत्रे यांनी वाचला. विषय: ग्रामकारभारात लोकांचा सहभाग. उद्बोधक चर्चा झाली.' सवयीनं त्याचा पेन चालू झालाच होता. 'इंद्र' एवढं उमटलं आणि हात थांबला.

"काय झालं सर? शाई सरली का?" पुंजाजीनं विचारलं.

"पुंजाजी, हा निबंध मी कधी वाचला?"

"मले काय ठाऊक? बडे बाबू लिहितात, मी फिरवतो."

इंद्रभाननं मागची पानं उलटली. आपल्याच चौदा सह्या, एकाहून एक झोकदार. पेनाला टोपण लावून त्यानं रजिस्टर तसंच परत दिलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. दार लावून घेऊन म्हणाले, "मेहेत्रे, समितीसमोर हे रजिस्टर ठेवायचं आहे. अर्धी सही म्हणजे मला प्रश्न येणार. तुमच्या कायम होण्याचा कागदही त्याच दिवशी त्यांच्यापुढे जाईल. जोडून टाका पुढची अक्षरं."

संध्याकाळी तो पानठेल्यावर माझ्याकडे आला. आता मी कार्यकर्ता, माझं नाव भांडखोर. मी काय सांगावं? मी सांगितलं, "कर सही. आधी कायम हो, मायबापाले आण. मंग भांडू, मी हाव न तुह्यासंग."

तो म्हणाला, "भाऊ, मी त्या बाईच्या अंगणात उभा राहून तिले बोललो. तिच्या हाताले शेण होतं. माह्या हातात तर पेन होता."

मला राग आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना. मी दोन पानं लावायला सांगितली.

त्यानं सही जोडली नाही. स्टाफरूमच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: 'शनिवारी चार वाजता चर्चामंडळ. निबंध: इंद्रभान मेहेत्रे.' स्टाफमध्ये हसाहसी झाली. "मेहेत्रे, भजी असतील तर येतो," एक जण म्हणाला.

शनिवारी कोणी आलं नाही. साडेचारला पुंजाजी खोलीला कुलूप घालायला आला, तर सर कागद घेऊन एकटेच बसलेले. "बस पुंजाजी," सर म्हणाले आणि निबंध वाचायला लागले. पुंजाजी किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसला. मग म्हणाला, "सर, एक इचारू? लोक येत नाहीत म्हणता. पण कोणाले बोलावलंच नाही, तं येतीन कसे?"

इंद्रभाननं तो प्रश्न निबंधाच्या शेवटी लिहून घेतला, आणि त्याखाली पुंजाजीचं नाव. पुढच्या खेपेला फळ्यावर न लिहिता तो प्रत्येकाच्या घरी जाऊन बोलावून आला. तिघं आले. इतिहासवाल्यांनी तर पाऊण तास वाद घातला.

फेब्रुवारीत समिती आली. रजिस्टर उघडलं. एका म्हाताऱ्या सदस्यांनी अर्ध्या सहीवर बोट ठेवलं. "हे काय?"

प्राचार्य खिडकीबाहेर पाहायला लागले. इंद्रभान म्हणाला, "त्या बैठका झाल्या नाहीत, साहेब. माझ्या चौदा सह्या खोट्या आहेत. या दोन बैठका झाल्या, त्यांचे हे कागद."

सदस्यांनी ते कागद चष्मा पुसून वाचले. "हे पुंजाजी कोण? कोणता विषय शिकवतात?"

दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा असलेला पुंजाजी लाजून मागे सरकला.

आता तुम्हाला वाटेल, समितीनं पाठ थोपटली. तसं काही झालं नाही. खोट्या सह्यांबद्दल शेरा बसला आणि इंद्रभानचं कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. बाकीच्यांच्या सह्या पूर्ण होत्या, त्यांना काही झालं नाही. मी प्राचार्यांच्या दारात जाऊन ओरडून आलो, त्याचा उपयोग शून्य. सत्यभामाबाई एवढंच म्हणाली, "एक वर्ष अजून वांगे खाऊ. खोली काही पळून नाही जात." पण ती खोली पाहताना इंद्रभानचा चेहरा मी पाहिला आहे. ते वर्ष त्याला जड गेलं.

कोकिळेनं ही सगळी हकिकत गावी जाऊन आईला सांगितली असणार. कारण उन्हाळ्यातल्या ग्रामसभेच्या दिवशी तिनं आम्हा दोघांनाही निरोप धाडला: आई बोलावते.

आम्ही पोचलो तेव्हा कोतवाल भिमाबाईच्या दारात उभा होता, रजिस्टर उघडून.

"अंगठा दे वं."

"देतो न. चावडी उघड, तिथं येऊन देतो. अन् आधी वाचून दाखव."

"वा! तू कायले येतं चावडीवर?"

"त्या मास्तरची नवकरी लटकली माह्या अंगठ्यापाई. मी उठून चावडीवर नाही जाऊ?"

ती उठली, हात धुतले, पदर खोचला. शेजारच्या दोघीतिघी काय झालं ते पाहायला निघाल्या, त्यांच्यामागे पारावरचे म्हातारे. कोतवालानं किल्ली शोधायला बराच वेळ लावला. एकोणीस माणसं बसली. पहिलाच ठराव विहिरीच्या गाळाचा निघाला, आणि गाळ काढून झाल्याचं त्यात लिहिलं होतं. विहीर तर चावडीतून दिसत होती. मग जे भांडण झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मला तोंड उघडायची गरजच पडली नाही.

इंद्रभान मागे भिंतीला टेकून वहीत लिहीत होता. येत्या शनिवारचा निबंध.

शेवटी कोतवाल घामाघूम होऊन रजिस्टर घेऊन त्याच्याजवळ आला. "साहेब, तुम्हीबी बसले होते. करा सही."

"मी या गावचा मतदार नाही," इंद्रभान म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं.