एक जादा क्लिक

स्क्रीनवर ‘पेनिसिलिनची टेस्ट झाली: हो’ असं होतं, आणि पेशंटच्या हातावर टेस्टची खूणच नव्हती. इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांनी हात बघितला, म्हणून निभावलं.

ही धुळ्यातल्या एका हॉस्पिटलमधली, नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. पेशंटची माहिती विचारणारा तो प्रोग्राम मी लिस्प भाषेत लिहिला होता. एका विंडोत एक प्रश्न, खाली ‘हो’ आणि ‘नाही’ची बटणं. ती नोंद सुनंदा सिस्टरांनी केली होती. डॉक्टर त्यांना मेमो देणार होते.

मी जळगावला आमच्या साहेबांना फोन लावला.

“यूजर एरर, वापरणाऱ्याची चूक,” ते म्हणाले. “तसा रिपोर्ट दे आणि ये परत.”

खरं तर मलाही तेच वाटत होतं.

सिस्टर सोनगीरच्या, नोकरीत मुरलेल्या. एरवी माझ्याशी शुद्ध बोलायच्या. रिपोर्टाचं ऐकलं आणि थेट अहिराणीवर आल्या. “ताई, माले तो प्रश्न दिसनाच नही!”

“मग ‘हो’ दाबलं कोणी?”

“मी नाही.” त्या पुन्हा शुद्धवर आल्या. “त्याच्या आधीच्या प्रश्नाला मशीन अडकलं होतं. तेव्हा दोनदा दाबलं.”

मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. आम्ही खोटे पेशंट भरत बसलो. पंधरा-वीस झाले, काहीच नाही. मग मशीन थबकलं. सिस्टरांनी सवयीने पुन्हा क्लिक केलं. पुढची विंडो क्षणभर चमकून गेली. टेस्टची. उत्तर ‘हो’.

मी प्रोग्राम उघडून बघितला.

लिस्प अधूनमधून काम थांबवून मेमरीतला कचरा काढतं. तेवढ्यात केलेले क्लिक वाया जात नाहीत. प्रत्येक क्लिक म्हणजे एक ‘इव्हेंट’. तो रांगेत उभा राहतो. काम सुरू झालं की पहिला क्लिक जुनी विंडो बंद करतो. दुसरा नव्या विंडोवर पडतो, आणि तिथेही ‘हो’ त्याच जागी.

उपाय चार ओळींचा होता. नवी विंडो उघडली की रांगेतले जुने क्लिक फेकून द्यायचे.

साहेब फोनवर म्हणाले, “नवं व्हर्जन म्हणून दे. चूक वगैरे बोलू नकोस.”

“सर, मेमो त्यांना मिळतोय.”

“बघ तुझं तू.”

चूक प्रोग्रामची, म्हणजे माझी, असं मी लिहून सही केली. डॉक्टरांनी वाचलं आणि मेमो फाडला. सिस्टर माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलल्या. त्यांचं बरोबरच होतं.

त्यानंतर कुठलीही तक्रार आली, की मी आधी ती करणाऱ्या माणसाच्या शेजारी तासभर बसून बघते. बहुतेक वेळा तासही लागत नाही.